जुन्या मोटारींचं सीमोल्लंघन

गेल्या दसऱ्यानंतर आमच्या जुन्या मोटारींच्या क्लबात भांडण झालं. भांडणाचं कारण होतं एक पांढरी मारुती ८००.

आमचा क्लब लहान. कोल्हापूर, सांगली, इचलकरंजी, निपाणी या टापूतली वीस-पंचवीस माणसं. महिन्यातून एका रविवारी सकाळी सहाला दसरा चौकात जमायचं, आपापल्या जुन्या गाड्या घेऊन पन्हाळ्याला, कधी राधानगरीला, थंडीत आंबोलीपर्यंत जायचं, वाटेत मिसळ खायची आणि उन्हं चढायच्या आत परत फिरायचं. शर्यत नाही, बक्षीस नाही. कुणाची गाडी बंद पडली तर सगळे थांबतात. त्यामुळे वीस किलोमीटरच्या पन्हाळ्याला कधी पाऊण तास लागतो, तर कधी तीन तास.

या क्लबात माझं स्थान जरा विचित्र आहे. माझ्याकडे गाडी नाही. होती, ती कशी गेली ते पुढे सांगेन. मी शाळेत इतिहास शिकवायचो, म्हणून मंडळींनी माझ्या हातात एक नोंदवही दिली. कुणाची गाडी किती वाजता निघाली, कुठं बंद पडली, कशानं पडली, कुणी सुरू केली, एवढं मी लिहितो. ज्यांच्या गाडीत जागा असेल त्यांच्या शेजारी बसतो.

तर त्या रविवारी एक पंचविशीतली मुलगी तिच्या आजोबांची १९८५ सालची मारुती घेऊन आली. पहिल्या घडणीची, चौकोनी, मूळ रंगातली. आमचा नियम आहे की गाडी पन्नास वर्षांची हवी. काही जण म्हणाले, "मारुती कसली जुनी? आमच्या दूधवाल्याकडं अजून आहे." एकानं तर सरळ सांगितलं, की उद्या कुणी स्कूटी घेऊन येईल, मग काय करणार? मुलगी काही बोलली नाही, गाडी बाजूला लावून उभी राहिली. शेवटी ठरलं, की यावर बैठक घ्यायची आणि इतिहासाच्या मास्तरांनी त्यात काय ते सांगायचं. त्या बैठकीत मी जे बोललो तेच इथं जरा विस्तारानं सांगतो.

अशा फेऱ्यांची सुरुवात इंग्लंडात झाली, म्हणून तिथूनच निघायला हवं.

तिथं १८६५ साली एक कायदा झाला होता. रस्त्यावर स्वतःच्या शक्तीनं चालणाऱ्या कुठल्याही यंत्रानं गावाबाहेर ताशी चार मैल आणि गावात ताशी दोन मैलांपेक्षा जास्त वेगानं जायचं नाही, आणि पुढे साठ यार्डांवर एका माणसानं लाल निशाण घेऊन चालायचं. हा कायदा खरं म्हणजे वाफेच्या अवजड इंजिनांसाठी होता. पण पुढे पेट्रोलवर चालणाऱ्या हलक्या मोटारी आल्या, त्याही त्यातच सापडल्या. १८९६ साली नवा कायदा झाला आणि वेगाची मर्यादा ताशी चौदा मैलांवर नेली गेली. अंमलबजावणी करणाऱ्या खात्यानं त्यातही काटछाट करून ती बारावर आणली. ताशी बारा मैल म्हणजे एकोणीस किलोमीटर. आपल्याकडं सायकलवरून डबे पोचवणारा पोरगा एवढ्या वेगानं जातो. पण त्या काळच्या मोटारवाल्यांना ते स्वातंत्र्यच वाटलं.

तो कायदा लागू झाला त्या दिवशी, १४ नोव्हेंबर १८९६ रोजी, हॅरी लॉसन नावाच्या उद्योजकानं लंडनहून ब्रायटनपर्यंत मोटारींची फेरी काढली. लंडनच्या मेट्रोपोल हॉटेलात सकाळी न्याहारी झाली आणि तिथं लॉर्ड विंचिल्सी यांनी एक लाल निशाण सर्वांसमक्ष फाडलं. गंमत अशी, की निशाणाची सक्ती १८७८ सालीच गेली होती. पुढे चालणारा माणूस तेवढा कायद्यात उरला होता. म्हणजे जे निशाण फाडलं ते अठरा वर्षांपूर्वीच रस्त्यावरून गेलेलं होतं. पण लोकांच्या मनात निशाण होतं, म्हणून निशाणच फाडलं.

समुद्रकाठचं ब्रायटन लंडनपासून पन्नास-पंचावन्न मैलांवर. आपल्या हिशेबानं कोल्हापूरहून निघून कऱ्हाड ओलांडून थोडं पुढं. तिशीच्या आसपास गाड्या निघाल्या. दिवस थंडीचा, रस्ते चिखलाचे. ब्रायटनला पोचल्या त्या साधारण निम्म्या. त्यातली एक गाडी म्हणे आगगाडीनं नेली आणि गावात शिरण्याआधी तिला चिखल फासला. खरं-खोटं ठरवणं कठीण, पण ही कथा तिथं आजही सांगतात. आमच्या क्लबात ती सगळ्यांना लगेच पटली, कारण प्रत्येकाला असा एखादा सभासद माहीत आहे.

यानंतर लोक ती फेरी विसरले. मोटारी सुधारल्या, पहिलं महायुद्ध होऊन गेलं, आणि १८९६ च्या घोडागाडीसारख्या दिसणाऱ्या मोटारी तबेल्यात, गोठ्यात, भंगारात गेल्या. १९२७ साली 'डेली स्केच' या वृत्तपत्राच्या पुढाकारानं जुन्या मोटारी शोधून पुन्हा लंडन ते ब्रायटन फेरी निघाली. लोकांनी तिला नाव दिलं 'ओल्ड क्रॉक्स'. आपल्या भाषेत म्हणजे खटारे. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना माणसं हसायला उभी होती.

बैठकीत मी इथं थांबलो आणि मंडळींना विचारलं, की १९२७ साली त्या खटाऱ्यांचं वय किती होतं? वीस ते तीस वर्षं. म्हणजे आज आपल्या फाटकाबाहेर उभ्या असलेल्या मारुतीपेक्षा कमी. ज्या फेरीला आज जग मानानं बघतं, तिची सुरुवात आपल्या नियमात बसली नसती.

पुढचा भाग क्लबाच्या दृष्टीनं महत्त्वाचा आहे. १९३० साली त्या फेरीची मंडळी ब्रायटनच्या ओल्ड शिप हॉटेलात जमली आणि त्यातून 'व्हेटरन कार क्लब' निघाला. आधी क्लब, कार्यालय, घटना आणि मग फेरी असं झालं नाही. माणसं आधी एकत्र रस्त्यावर उतरली, भिजली, एकमेकांच्या गाड्या ढकलल्या आणि मग त्यांना क्लब सुचला. त्या क्लबानं एक मोठं काम हाती घेतलं. कुठली गाडी नक्की कुठल्या सालची हे तपासून दाखला द्यायचा. त्याच १९३० सालापासून फेरीची व्यवस्था तिथल्या 'रॉयल ऑटोमोबाइल क्लब'कडे आली. आज त्या फेरीत फक्त १ जानेवारी १९०५ पूर्वी बनलेल्या गाड्या घेतात. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी सूर्योदयाला लंडनच्या हाइड पार्कमधून त्या निघतात. ती शर्यत नाही. दुपारी ठरल्या वेळेआधी ब्रायटनला जो पोचला त्याला पदक, पहिला कोण हे कुणी विचारत नाही. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात ती बंद होती, १९४७ साली पेट्रोलच्या रेशनिंगमुळे निघाली नाही, २०२० साली कोरोनामुळे थांबली. बाकी ती चालूच आहे.

१९५३ साली 'जेनेव्हीव्ह' नावाचा एक विनोदी इंग्रजी चित्रपट आला. १९०४ सालची डॅराक मोटार, तिचा वेडा मालक, वैतागलेली बायको आणि ब्रायटनहून लंडनला परतताना मित्राशी लागलेली पैज. तो तुफान चालला आणि त्यानंतर इंग्लंडात गावोगावी जुन्या मोटारींचे क्लब वाढले. आपल्याकडं १९५८ साली गांगुली बंधूंचा 'चलती का नाम गाडी' आला. तोही तुफान चालला, त्यातल्या खटाऱ्यावर लोकांनी प्रेम केलं, पण त्यातून क्लब काही निघाले नाहीत. याचं कारण सरळ आहे. आपल्याकडं १९५८ साली तसला खटारा हा छंद नव्हता, तीच रोजची गाडी होती.

आता आपल्या भागाकडे येऊ. मोटारींच्या इतिहासात कोल्हापूरचं नाव फार लवकर येतं. १९०८ साली मुंबई ते कोल्हापूर अशी मोटारींची एक चाचणी झाली होती. गाडी किती वेगानं जाते यापेक्षा ती न कुरकुरता किती जाते हे पाहायचं होतं. रोल्स-रॉईसची 'सिल्व्हर घोस्ट' घडणीची एक गाडी त्यात उतरली होती. तिचं नाव होतं 'पर्ल ऑफ द ईस्ट', म्हणजे पूर्वेचा मोती. सहा घाट आणि सुमारे ६२० मैलांचा रस्ता तिनं पार केला, ती अव्वल ठरली आणि ग्वाल्हेरच्या माधवराव शिंद्यांनी ती विकत घेतली. हिंदुस्थानातल्या संस्थानिकांना रोल्स-रॉईसचं जे वेड पुढे लागलं त्यात या घाटांचा वाटा आहे. आम्ही आंबोलीच्या वाटेवर रेडिएटरला पाणी घालत उभे राहतो तेव्हा मी ही गोष्ट हटकून सांगतो. ऐकणाऱ्यांना तेवढाच धीर येतो.

दुसरी गोष्ट कोल्हापूरकरांना सांगायला नको. राजाराम महाराजांच्या काळातली, १९३० च्या दशकातली मेबॅक मोटार नव्या राजवाड्यात आहे. दसऱ्याच्या संध्याकाळी ती बाहेर पडते. अंबाबाईची आणि भवानीची पालखी दसरा चौकात येते, मेबॅकमधून छत्रपती येतात, शमीपूजन होतं आणि मग सोनं लुटायला झुंबड उडते. मी लहानपणापासून ते पाहत आलोय. गर्दीतली पोरं खांद्यावर चढून विचारत असतात, "मेबॅक आली का? मेबॅक आली का?" मला अलीकडं वाटायला लागलंय, की जुन्या मोटारीची फेरी म्हणजे काय हे ब्रायटनवाल्यांआधी आपल्याला कळायला हरकत नव्हती. वर्षातून एकदा वेस ओलांडायची. शस्त्र असो, औत असो, मोटार असो, वर्षातून एकदा ती पुसायची, पुजायची आणि बाहेर काढायची. न वापरलेलं हत्यार गंजतं हे आपल्या सणानंच सांगून ठेवलंय.

बाकीच्या संस्थानिकांच्या गाड्यांचं नशीब सगळीकडं असं नव्हतं. १९७१ साली तनखे बंद झाले. त्याआधी आणि त्यानंतर कितीतरी गाड्या विकल्या गेल्या, परदेशी गेल्या. १९७० च्या दशकात सरकारनं जुन्या मोटारी देशाबाहेर नेण्यावर बंदी घातली. त्याच सुमारास काही हौशी माणसांनी राजवाड्यांच्या तबेल्यांतून गाड्या विकत घेऊन राखल्या. मुंबईचे उद्योगपती प्राणलाल भोगीलाल यांचा अहमदाबादजवळ कठवाड्याचा संग्रह आज लोक मुद्दाम पाहायला जातात. दिल्लीत 'द स्टेट्समन' या वृत्तपत्रानं १९६४ साली जुन्या मोटारींची रॅली सुरू केली, काही वर्षांनी कोलकात्यातही. इंग्लंडात जे एका वृत्तपत्रानं केलं तेच इथंही एका वृत्तपत्रानं केलं. मुंबईत 'विंटेज अँड क्लासिक कार क्लब ऑफ इंडिया'च्या रॅली हॉर्निमन सर्कलपासून निघू लागल्या आणि रविवारी सकाळी फोर्टात बघ्यांची गर्दी होऊ लागली.

दिल्लीच्या रॅलीतलं माझं आवडतं वाहन मात्र राजाचं नाही. ते आहे १९१४ सालचं जॉन मॉरिस कंपनीचं आगीचा बंब असलेलं वाहन. निजामाच्या रेल्वेचं. आता ते दिल्लीच्या राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयात असतं आणि तिथून रॅलीत उतरत आलंय. ते काम करणारं वाहन होतं. काम करणारं वाहन टिकलं की मला जास्त आनंद होतो, कारण ते सहसा टिकत नाही.

आता माझ्या गाडीची गोष्ट.

माझे वडील डॉक्टर होते. दवाखाना शहरात, पण निम्मे पेशंट करवीर आणि पन्हाळा तालुक्यांतल्या खेड्यांत. त्यांनी १९६१ साली फियाट नोंदवली आणि ती १९६४ साली हातात आली. आजच्या मुलांना हे खरं वाटत नाही. पण तेव्हा देशात मोटारी बनवणाऱ्या मुख्य कंपन्या तीनच. कोलकात्याजवळ अँबॅसडर, मुंबईत कुर्ल्याला फियाट आणि मद्रासला स्टँडर्ड. १९५३ च्या सुमारास सरकारचं धोरण ठरलं, की नुसते परदेशी सुटे भाग आणून जुळणी करायची नाही, भाग इथंच बनवायचे. जनरल मोटर्स १९२८ पासून मुंबईत जुळणी करत होती, तिनं १९५४ साली गाशा गुंडाळला. कुर्ल्याचा प्रीमियर कारखाना हा सोलापूरच्या वालचंद हिराचंदांचा, १९४४ सालचा. तिथं १९५४ पासून फियाट ११०० बनू लागली. सुरुवातीच्या गोल पाठीच्या घडणीला लोक 'डुक्कर फियाट' म्हणायचे. आमची 'डिलाइट' होती, जरा सरळ अंगाची. स्टीअरिंगजवळचा गिअर आणि पुढं बाकासारखी सलग सीट. त्या सीटवर वडील, कंपाउंडर आणि मधे मी.

तीन वर्षं वाट पाहून मिळालेली गाडी कुणी दहा वर्षांत टाकत नाही. ती चालवायचीच. सुटे भाग मिळाले तर मुंबईहून, नाही मिळाले तर शिवाजी उद्यमनगरात. उसाच्या मळ्यांवरची ऑइल इंजिनं दुरुस्त करता करता इथं फौंड्रीचा आणि लेथचा धंदा वाढला. नमुना टेबलावर ठेवला की मिस्त्री तो बोटांत फिरवून बघायचे आणि म्हणायचे, "परवा या." परवा बुश तयार असायचं. आमच्या फियाटची दाराची कडी अँबॅसडरची होती, गादी एसटीच्या गाद्या शिवणाऱ्या माणसानं केली होती आणि पुढचा बंपर तिसऱ्यांदा वेल्ड केलेला होता. उन्हाळ्यात चढावर पेट्रोलच्या पंपात वाफ धरायची आणि गाडी बंद पडायची. मग वडील खाली उतरून पंपावर ओलं फडकं ठेवायचे आणि पाच मिनिटं रस्त्याकडेला उभे राहायचे. तेवढ्या वेळात शेजारच्या शिवारातनं कुणीतरी नाडी दाखवायला यायचं.

वडील १९९९ साली गेले. कुर्ल्याचा कारखानाही त्यानंतर वर्ष-दोन वर्षांतच फियाट बनवायची थांबला. मी तोवर दुसरी, नवी गाडी घेतली होती. फियाट कडुनिंबाखाली उभी राहिली. पहिल्या पावसात बॅटरी गेली, दुसऱ्या पावसात उंदरांनी वायरी खाल्ल्या, तिसऱ्या पावसाआधी इंजिन जाम झालं. २००२ साली मी ती भंगारवाल्याला आठ हजाराला दिली. त्या वर्षी मी आठवीच्या वर्गाला 'साधनांचं जतन' हा विषय उत्साहानं शिकवत होतो. गाडी साधन आहे हे माझ्या डोक्यात आलंच नाही. इतिहास म्हणजे ताम्रपट, मोडी कागद, तोफा. फियाट काय, जिकडं तिकडं होती.

दोन-तीन वर्षांनी एसटी स्टँडवर एका म्हाताऱ्या गृहस्थांनी मला ओळखलं. कासारी खोऱ्यातल्या एका गावचे होते. चौकशी झाली आणि ते म्हणाले, "डॉक्टरांची गाडी हाय न्हवं अजून? माझ्या आईला त्या गाडीतनं सीपीआरला न्हेलं हुतं. रात्रीचं. पावसात. डॉक्टरांनी पैसं घेतलं न्हाईत." मी म्हणालो, "नाही हो, दिली." ते म्हणाले, "कुणाला?" भंगारात दिली असं माझ्या तोंडून निघेना. मी म्हणालो, "एकाला दिली." त्यांना ती एकदा बघायची होती, एवढंच.

त्यानंतर मी या क्लबात आलो. बिनगाडीचा सभासद तो असा.

आता नियमांबद्दल. २०२१ साली केंद्र सरकारनं जुन्या वाहनांच्या नोंदणीचे वेगळे नियम केले. पन्नास वर्षांपेक्षा जुनी, मूळ स्वरूपात राखलेली मोटार किंवा दुचाकी असेल तर तिला 'विंटेज' म्हणून नोंदवता येतं. नवी नोंदणी वीस हजार रुपये, ती दहा वर्षं चालते. नंबरपाटीवर 'व्हीए' ही खूण येते. पण अशी नोंद झालेली गाडी रोजच्या वापराला किंवा धंद्याला काढता येत नाही. प्रदर्शन, रॅली, तांत्रिक संशोधन, पेट्रोल भरणं, दुरुस्ती एवढ्यासाठीच रस्त्यावर आणायची. म्हणजे अशा गाडीला आता फेरी हेच जगणं. आपण महिन्यातून एकदा निघतो ते हौसेखातर निघतो असं घरची मंडळी म्हणतात. 'व्हीए' पाटी लावली तर ती हौस राहत नाही. तेवढाच रस्ता तिच्या वाट्याला उरतो.

नियम एकंदरीत चांगला आहे. त्याआधी या गाड्या कुठल्याच खात्यात बसत नव्हत्या. पण त्यात एक अट आहे. सांगाडा, बॉडी, इंजिन यांत मोठा फेरफार झालेला नसावा. महाराजांची गाडी या अटीत आरामात बसते. ती वर्षातून चार वेळा बाहेर निघायची, तिला नोकर होते. पण ज्या गाडीनं तीस वर्षं खेड्यांतले रस्ते तुडवले, जिचं पेट्रोलचं इंजिन परवडेना म्हणून कुणीतरी डिझेलचं बसवलं, जिच्या सांगाड्याला मळ्यात वेल्डिंग झालं, ती मूळ स्वरूपात कशी असेल? ज्या तडजोडींवर ती जगली त्याच आता तिच्या आड येतात. कायद्याला कुठंतरी रेघ मारावी लागते, हे मला मान्य आहे. पण क्लबानं तीच रेघ आपल्या मनावर मारून घ्यायची काय गरज? उद्यमनगरात ओतलेलं बुश हे कोल्हापूरच्या इतिहासाचं साधन आहे. इटलीत बनलेलं बुश हे इटलीच्या इतिहासाचं.

साधी गाडी आपण कशी घालवतो याचं ताजं उदाहरण मुंबईत सगळ्यांनी पाहिलं. काळी-पिवळी फियाट टॅक्सी. शेवटची 'पद्मिनी' टॅक्सी ताडदेवच्या आरटीओत २९ ऑक्टोबर २००३ रोजी नोंदली गेली होती. टॅक्सीला वीस वर्षांची मर्यादा, त्यामुळे ३० ऑक्टोबर २०२३ पासून ती मुंबईच्या रस्त्यावरून गेली. एकेकाळी हजारोंनी असलेली गाडी. शेवटच्या आठवड्यात सगळी वर्तमानपत्रं हळहळली, लोकांनी तिच्याबरोबर फोटो काढले, एक तरी जपून ठेवा अशी मागणी झाली. मला स्टँडवरचे ते म्हातारे गृहस्थ आठवले. हजारो होत्या तेव्हा एकीकडंही कुणी बघितलं नाही. आणि मी कुणाला बोलू?

बैठकीत मी शेवटी इतकंच म्हणालो. पहिली मारुती ८०० गिऱ्हाइकाच्या हातात पडली १४ डिसेंबर १९८३ ला. ती बनायची थांबली २०१४ साली. आपल्यापैकी निम्म्या जणांच्या घरातली पहिली मोटार तीच. ती पन्नास वर्षांची होईपर्यंत थांबायचं म्हटलं, तर तोवर तिचं माझ्या फियाटसारखं होईल. पन्नासाव्या वर्षी गाडी मिळायला हवी असेल तर चाळिसाव्या वर्षी कुणीतरी तिला रस्त्यावर ठेवायला हवं.

सगळ्यांना पटलं असं नाही. तोड निघाली ती अशी: मारुतीनं यायचं, पण रांगेत शेवटी. फोटोत नाही. मुलगी म्हणाली, "चालेल." मी तिच्या शेजारी बसायचं ठरवलं.

पुढच्या रविवारी पन्हाळ्याची फेरी होती. आमच्याबरोबर नेहमीप्रमाणे मिस्त्री होते. वय अठ्ठ्याहत्तर. क्लबातल्या सगळ्या गाड्यांचा जीव त्यांच्या हातात आहे. त्यांच्या मुलाकडं संगणकावर चालणारी लेथ आहे, कामाला उसंत नाही. त्याला कार्ब्युरेटर कळत नाही आणि त्याला तो कळायची गरजही नाही. त्यामुळे मिस्त्रींच्या नंतर काय, हा विषय आम्ही मिसळीच्या वेळी काढत नाही. पेट्रोलचीही नवी काळजी आहेच. आता त्यात वीस टक्के इथेनॉल असतं, जुन्या रबरी नळ्या त्यानं खराब होतात, म्हणून प्रत्येकाच्या डिकीत पाण्याच्या बाटल्यांशेजारी नळीचं वेटोळं असतं.

वाघबीळच्या चढावर हेरल्ड बंद पडली. सगळे थांबले. आम्ही शेवटी होतो, म्हणून आमची मारुती बरोबर हेरल्डच्या मागे. मिस्त्रींना गुडघ्यामुळं वाकता येत नव्हतं. ते इकडं तिकडं बघून मुलीला म्हणाले, "तुझ्या गाडीचं पॉइंट कोण साफ करतंय?" ती म्हणाली, "मीच. आजोबांनी शिकवलंय." मिस्त्री दगडावर बसले आणि तिला म्हणाले, "मग उघड."

तिनं डिस्ट्रिब्युटरचं झाकण काढलं. त्यांनी खिशातला पॉलिश पेपरचा तुकडा दिला. ते बसल्या जागेवरून सांगत होते, ती करत होती. फट मोजायला गेज सापडेना, तेव्हा हेरल्डच्या मालकांचं व्हिजिटिंग कार्ड घेतलं. हे गृहस्थ बैठकीत मारुतीच्या सगळ्यात जास्त विरोधात होते. दुसऱ्या हँडलला हेरल्ड सुरू झाली.

पन्हाळ्यावर पोचल्यावर मी नोंदवही उघडली आणि लिहिलं: वाघबीळ, सकाळी ७.२०. हेरल्ड बंद. कारण, पॉइंट. सुरू केली, मारुतीवाल्या मुलीनं. मिस्त्रींना वाचून दाखवलं. ते म्हणाले, "माझं नाव कशाला घातलं न्हाईस?" म्हणून त्याखाली त्यांचंही नाव लिहिलं. मग फोटोची वेळ झाली. हेरल्डवाल्यांनी काही न बोलता आपली गाडी जरा पुढं घेतली आणि मारुतीला जागा केली.

(नभोवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)